मल्टिमीटरचा इतिहास आणि आपली हत्यारांची पेटी

घरात हत्यारांची एक लहानशी पेटी असावी, असे आता बहुतेक घरांत वाटू लागले आहे. पकड, दोन-तीन स्क्रूड्रायव्हर, हातोडी, इन्सुलेशन टेपचे वेटोळे आणि निऑनचा छोटा टेस्टर, एवढ्याने ती भरते. मग कोणीतरी सुचवतो, "अहो, एक मल्टिमीटरही टाका की त्यात!" सूचना चांगलीच आहे. पण वाईच्या बाजारपेठेत विजेच्या सामानाच्या दुकानात जाऊन मल्टिमीटर मागावा, तर दुकानदार काचेवर पाच-सहा नमुने मांडतो. एक पिवळा, एक लाल, एक खिशात मावेल एवढा, एक रबरी अंगरखा घातलेला. आकडे सगळेच दाखवतात. किमतींत मात्र दहापटींचा फरक. आता यांतला कोणता घ्यावा?

मी इतिहासाचा मास्तर. वीजशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. तरी या विषयावर लिहायला बसलो, त्याला कारण आहे. जुना कागद हातात आला की आम्ही मजकुराआधी त्याचा शिक्का पाहतो, तारीख पाहतो, शेवटी "मोर्तब सूद" आहे की नाही ते पाहतो. इथून अर्ध्या तासाच्या वाटेवर मेणवली आहे. तिथल्या नाना फडणिसांच्या दप्तराचे अभ्यासक असेच वाचत आले. प्रत्येक खूण कधीतरी, कोणाच्या तरी अडचणीतून कागदावर आलेली असते. मल्टिमीटरच्या तोंडावरच्या खुणांचेही तसेच आहे. ती तीन भोके, तो फिरता खटका, कोपऱ्यातली ती बारीक अक्षरे, यांतले काहीच शोभेसाठी नाही. कोणती खूण कशी आली हे कळले, की काचेवर मांडलेल्या सहांतून एक निवडणे सोपे जाते. आणि कोणता घेऊ नये, हे तर नक्कीच कळते.

प्रारंभ तसा जुना आहे. १८२० साली कोपनहेगनच्या ओर्स्टेड या प्राध्यापकाला दिसले की, तारेतून वीज वाहू लागली म्हणजे जवळची होकायंत्राची सुई हलते. त्याच वर्षी जर्मनीतल्या श्वाइगरने त्या सुईभोवती तारेचे पुष्कळ वेढे दिले. परिणाम वेढ्यांगणिक वाढला आणि बारीकसा प्रवाहही सुईला जाणवू लागला. मोजमापाची सुरुवात इथे झाली. १८२७ मध्ये ओहमने आपला नियम मांडला, आणि १८८१ साली पॅरिसला जगातल्या वीजतज्ज्ञांची परिषद भरली तिने मापांना नावे मुक्रर केली : व्होल्ट, अँपिअर, ओहम. एक इटालियन, एक फ्रेंच, एक जर्मन. मराठीत आपण त्यांनाच दाब, प्रवाह आणि रोध म्हणतो. हे शब्द मला मूळ नावांपेक्षा बरे वाटतात, कारण ते अर्थासकट येतात. (मराठी विश्वकोशाचे काम आमच्या वाईत चालते, म्हणून परिभाषेविषयी दोन शब्द बोलण्याचा हक्क आम्ही वाईकर राखून असतो.) कृष्णेच्या घाटावर उभे राहणाऱ्याला दाब आणि प्रवाह यांतला भेद वेगळा समजावून सांगायला नको. टाकी उंचावर असली म्हणजे दाब. तोटी उघडली म्हणजे प्रवाह. आणि नळ गाळाने चोंदला असेल तर तो रोध.

१८८२ मध्ये फ्रान्समध्ये देप्रे आणि दार्सोंव्हाल यांनी सुई फिरती ठेवण्याऐवजी चुंबक स्थिर ठेवला आणि तारेचे वेटोळेच फिरते केले. अमेरिकेत एडवर्ड वेस्टनने १८८८ च्या सुमारास या कल्पनेचे बाजारात विकता येईल असे मजबूत यंत्र बनवले. काट्याचा मीटर तो हाच. मात्र दाब मोजायचा तर एक पेटी, प्रवाह मोजायचा तर दुसरी, रोधासाठी तिसरी अशी तऱ्हा होती. प्रयोगशाळेत ती चालते, कारण तिथे टेबल असते. खांद्यावर सामान घेऊन फिरणाऱ्या माणसाचे काय?

या प्रश्नाचे उत्तर एका टपालखात्यातल्या माणसाने शोधले, आणि तो माणूस मला फार आवडतो. त्याचे नाव डोनाल्ड मॅकॅडी. इंग्लंडात त्या काळी टेलिफोनचे काम टपालखात्याकडेच होते, आणि मॅकॅडी तिथला अभियंता होता. तारांतला बिघाड शोधायचा म्हणजे ही सगळी यंत्रे बरोबर वागवावी लागत. त्या ओझ्याला तो कंटाळला. मूळ काटा एकच ठेवून, त्याच्या पुढेमागे वेगवेगळे रोध जोडता येतील आणि खटका फिरवला की माप बदलेल, अशी एक पेटी त्याने योजली. अँपिअर, व्होल्ट, ओहम यांची आद्याक्षरे घेऊन तिचे नाव पडले 'अव्होमीटर'. १९२३ साली ती विक्रीला आली. तिच्यात प्रवाहाची तीन मापे होती, १२० मिलिअँपिअरपासून १२ अँपिअरपर्यंत. दाबाची तीन, ६०० व्होल्टपर्यंत. आणि १०,००० ओहमपर्यंत रोध मोजता येई. सात मापे एका पेटीत! आणि सगळी एकदिश विजेची, म्हणजे बॅटरीच्या विजेची. कारण टेलिफोन चाले तो बॅटऱ्यांवर. आपल्या घरात येते तसली उलटसुलट वाहणारी वीज मोजण्याची सोय त्यात नंतर आली. गंमत अशी की, यंत्राचा कारखाना निघाला, मॅकॅडी त्यात भागीदारही झाला, पण टपालखात्यातली नोकरी त्याने सोडली नाही. १९३३ साली निवृत्त होईपर्यंत तो तिथेच होता. नोकरी सांभाळून उद्योग करणारा हा माणूस आपल्याकडे जन्मला असता, तर त्याला समजून घ्यायला कोणाला फारसे कष्ट पडले नसते.

याच वंशातले 'मॉडेल ८' १९५१ साली निघाले आणि २००८ च्या ऑक्टोबरपर्यंत बनत राहिले. सत्तावन्न वर्षे! जवळजवळ तीन किलो वजनाची ती काळी पेटी ज्यांनी उचलली आहे, त्यांचा हात तिला विसरत नाही. काट्याखाली आरशाची बारीक पट्टी असे. काटा आणि त्याचे प्रतिबिंब एकावर एक आले म्हणजे डोळा बरोबर जागी आहे, असे समजायचे. आणि तिच्यात आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे मी तुमचे मुद्दाम लक्ष वेधतो. भलत्या मापावर भलताच दाब लागून काटा जोराने एका टोकाला आदळला, की आतला खटका पडे, वीज तोडली जाई आणि वरचे बटण टपकन बाहेर येई. ते पुन्हा दाबले की यंत्र कामाला तयार. माणूस चुकणार, हे गृहीत धरूनच ते बनवलेले होते. त्या बटणाची आठवण ठेवा. पुढे आपल्याला ते लागणार आहे.

आपल्याकडे या कथेला एक वेगळे वळण आहे, आणि आकाशवाणीच्या पुस्तिकेत ते यायलाच हवे. सिंधमधल्या सक्कर गावी १९०९ साली ग्यानचंद मोटवाने यांनी विजेच्या सामानाची पेढी काढली. तीच पुढे कराचीमार्गे मुंबईला आली आणि 'शिकागो रेडिओ' या नावाने घरोघर माहीत झाली. काँग्रेसच्या मोठ्या सभांतले ध्वनिक्षेपक त्यांचेच असत. १९४२ च्या चळवळीत उषाबेन मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, ४२.३४ मीटरवर, जागा बदलत बदलत. तेव्हा या पेढीच्या नानिक मोटवाने यांनी त्यांना सामग्री आणि माणसे पुरवली. नोव्हेंबरमध्ये केंद्र पकडले गेले. नानिक मोटवाने यांनाही अटक होऊन खटल्याला उभे राहावे लागले. याच मोटवान्यांच्या नाशिकरोडच्या कारखान्यात स्वातंत्र्यानंतर काट्याचे मल्टिमीटर बनू लागले. पुढे १९८२ साली नाशिकलाच 'ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स' निघाली. तिने २०११ मध्ये पोलंडातला 'लुमेल' हा मापकांचा कारखाना विकत घेतला. म्हणजे मल्टिमीटर ही काही सातासमुद्रापलीकडून आलेलीच वस्तू राहिली नाही. ती बनवण्यात महाराष्ट्राचाही हात आहे, तोही पुष्कळ वर्षांचा. दुकानात मांडलेल्या नमुन्यांत नाशिकचा एखादा आहे का, हे विचारायला हरकत नसावी.

आमच्या भागात हे यंत्र आधी रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या हाती आले. १९५३ साली पुणे केंद्र निघाले, १९६३ साली सांगली केंद्र. आणि घरोघरचे रेडिओ आपापल्या परीने बिघडू लागले. त्याच दशकाच्या आरंभी आपल्याच जिल्ह्यातल्या कोयनेचे पाणी पोफळीच्या भूमिगत वीजघरात पडू लागले. खांब गावोगाव निघाले, विहिरींवर मोटेच्या जागी मोटर बसली. (मेणवलीत ज्याचे चित्रीकरण झाले त्या २००४ च्या 'स्वदेस' चित्रपटात गावकरी पाण्यावर वीज करतात आणि पहिला दिवा लागतो, तेव्हा आमच्याकडच्या वडील मंडळींना त्यात नवल असे थोडेच वाटले असेल!) वायरमनच्या पिशवीत मात्र मल्टिमीटर नसे. होल्डरला दोन वायरी जोडलेला एक बल्ब असे, त्याला टेस्ट लॅम्प म्हणत. बल्ब लागला तर वीज आहे, नाही लागला तर नाही. हे साधन ओबडधोबड आणि हाताळायला धोक्याचे खरे, पण ते एका बाबतीत खोटे बोलत नसे. त्याचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

आता आकड्यांकडे येऊ. काट्याऐवजी सरळ आकडे दाखवणारा व्होल्टमीटर कॅलिफोर्नियात अँड्र्यू के यांनी १९५२-५३ च्या सुमारास तयार केला. त्याच्यात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असतात तसले पायरीपायरीने सरकणारे खटके होते. दाब जुळेपर्यंत ते खडखडत राहत आणि मग आकडा स्थिर होई. ते हातात धरण्याजोगे नव्हते. १९७७ साली अमेरिकेतल्या 'फ्लूक' कंपनीने हातात धरता येईल असा आकड्यांचा मल्टिमीटर बाजारात आणला, आणि त्याच सुमारास मोजणी करणे आणि आकडे दाखवणे ही दोन्ही कामे करणारी एकच चकती निघाली. नऊ व्होल्टच्या एका बॅटरीवर ती महिनोन्‌महिने चाले. १९९९ पर्यंत आकडा दाखवणारे जे स्वस्त पिवळे मीटर आज काही शे रुपयांत मिळतात, ते त्याच कुळातले आहेत.

एवढ्या स्वस्तात ते मिळतात, ही चांगलीच गोष्ट झाली. शाळेतल्या मुलालाही तो परवडतो. पण तीन किलोंची पेटी दीडशे ग्रॅमवर आली, तेव्हा वाटेत काय काय गळून पडले? आरसा गेला, त्याची गरजच उरली नव्हती. जडपणा गेला, बरे झाले. आणि ते टपकन बाहेर येणारे बटणही गेले.

त्याच्या जागी काय आले, हा दुकानात विचारायचा पहिला प्रश्न.

मीटरच्या तळाशी भोके बघा. मधल्या काळ्या भोकावर 'कॉमन' लिहिलेले असते, उजवीकडच्या लाल भोकातून दाब आणि रोध मोजतात, आणि डावीकडचे तिसरे बहुधा '१० ए' असते. हे तिसरे भोक म्हणजे मॅकॅडीच्या १२ अँपिअरच्या मापाचा वारस. प्रवाह मोजायचा तर मीटर प्रवाहाच्या वाटेतच घालावा लागतो, आणि वाट अडू नये म्हणून त्या दोन भोकांमध्ये आत जवळजवळ सरळ जाड तारच असते. आता समजा, काल कोणी प्रवाह मोजला आणि लाल लीड त्याच भोकात राहिली. आणि आज तुम्ही दोन्ही टोके घरातल्या सॉकेटमध्ये घातली. खटका व्होल्टवर आहे, म्हणून तुम्ही निर्धास्त. प्रत्यक्षात मात्र तुम्ही फेज आणि न्यूट्रल एका जाड तारेने जोडले आहेत, आणि ती तार हातात धरली आहे.

पुढे काय होते ते आतल्या फ्यूजवर अवलंबून. त्या भोकाशेजारी बारीक अक्षरांत 'अनफ्यूज्ड' असे छापलेले असेल, तर मीटर खाली ठेवा आणि दुसरा पाहा. काचेच्या नळीतला साधा फ्यूज असेल तर तो लहान प्रवाह तोडतो. पण फार तर शंभर अँपिअरच्या आसपास त्याचा जोर संपतो. गावातला ट्रान्सफॉर्मर जवळ असेल तर अशा वेळी हजारो अँपिअर धावू शकतात. तेव्हा काचेतली तार वितळली तरी तिच्या जागी ठिणगीचा पूल उभा राहतो आणि प्रवाह चालूच राहतो. म्हणून चांगल्या मीटरमध्ये चिनी मातीच्या नळीत वाळू भरलेला फ्यूज घालतात. ठिणगी वाळूत विझते. अव्होच्या बटणाचे काम आता हा फ्यूज करतो. फरक एवढाच की तो एकदाच उडतो, आणि नवा घ्यायला बरेच पैसे पडतात. काही मीटरांत आणखी युक्ती आहे. खटका व्होल्टवर असला की प्रवाहाच्या भोकावर आतून झडप येते आणि लीड घालताच येत नाही. ही योजना मला अव्होच्या बटणाइतकीच शहाणपणाची वाटते.

पण माझे स्वतःचे मत विचाराल, तर घरच्या पेटीसाठी ते तिसरे भोकच नसलेला मीटर उत्तम. असे छोटे मीटर मिळतात. दाब, रोध, तार सलग आहे की तुटली हे ते सांगतात. प्रवाह मोजत नाहीत. दुकानदार म्हणेल, "साहेब, यात अँपिअर नाही, हा अर्धाच आहे." म्हणू द्या. घरात प्रवाह मोजण्याची वेळ वर्षातून किती वेळा येते? आणि विहिरीवरची मोटर किती अँपिअर ओढते हे पाहायचे, तर तारेभोवती चिमटा लावून मोजणारा क्लॅम्प मीटर घ्यावा; त्यात तार तोडावीही लागत नाही. शंभर वर्षांपूर्वी मॅकॅडीने सात मापे एकत्र केली ती ओझ्याला कंटाळून. आज ओझे उरलेले नाही. मग जे माप सर्वांत जास्त घात करते, ते एक वेगळे काढले तर बिघडले कुठे?

दुसरी खूण 'कॅट टू', 'कॅट थ्री' या अक्षरांची, तिच्यापुढे ३०० किंवा ६०० व्होल्ट. पुष्कळांना ही अक्षरे म्हणजे मालाचा दर्जा वाटतो. ती खरे तर जागेची नावे आहेत. सॉकेटला लावलेल्या उपकरणापाशी मोजायचे ती दुसरी पायरी. भिंतीतले कायमचे वायरिंग, स्विचबोर्ड, मोटरचा स्टार्टर ही तिसरी. आणि खांबावरून घरात येणारी तार, वीज मंडळाचा मीटर, ही चौथी. खांबाजवळ जावे तशी वीज अधिक आडदांड. पावसाळ्याच्या तोंडी पाचगणीच्या पठारावर कडाडले, की तारांवर क्षणभर हजारो व्होल्टची लाट येते. तो क्षण तुमच्या मोजण्याचा नेमका असू नये एवढेच. 'कॅट थ्री ६०० व्होल्ट' लिहिलेल्या मीटरने ६,००० व्होल्टचा तसला झटका सोसला पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. घरातल्या दाबाला २३० म्हणतात आणि तीन फेजच्या मोटरीला चारशे-सव्वाचारशे. तेव्हा आपल्या भागात, जिथे घर आणि शेत यांच्यात भिंत नसते, 'कॅट थ्री ६००' च्या खाली जाऊ नये. अर्थात छापायला शाई लागते फक्त. अक्षरे आहेत पण आत काचेचा फ्यूज आहे, लीडचे पिन उघडे आहेत, वायर हाताला सुतळीसारखी बारीक लागते, असा मीटर असेल तर त्या अक्षरांवर विश्वास ठेवू नका. खोटा शिक्का मारलेली सनद आम्ही इतिहासवाल्यांनी कमी पाहिलेली नाही!

सौर पंपांचे एक वेगळेच प्रकरण आहे. एकेक पॅनल उन्हात चाळीस-पन्नास व्होल्ट दाखवते, म्हणून लोकांना ते निरुपद्रवी वाटते. पण तशी दहा एका रांगेत जोडली की चार-पाचशे व्होल्ट होतात, आणि तीही एकदिश वीज. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, तेव्हा ठिणगीला विझायला उसंत मिळते. एकदिश विजेत ती उसंत नाही. ठिणगी ओढली की ती लांबतच जाते. तिथे मोजायचे तर मीटर किती एकदिश व्होल्टपर्यंत चालतो हे पाहूनच हात घालावा, आणि लीड अर्धवट टेकवत-उचलत बसू नये.

आता त्या टेस्ट लॅम्पच्या खरेपणाविषयी. मॅकॅडीच्या पहिल्या यंत्राचा रोध व्होल्टमागे ६० ओहम होता. म्हणजे १२० व्होल्टच्या मापावर सगळा मिळून ७,२००. आजच्या आकड्यांच्या मीटरचा रोध असतो साधारणपणे एक कोटी ओहम. रेडिओ-टीव्हीच्या नाजूक कामात ही मोठीच सुधारणा. मोजताना मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज पीत नाही. पण जुन्या वाड्यात या सुधारणेची उलटी बाजू दिसते. वाईतल्या कित्येक वाड्यांत लाकडी पट्टीवर ठोकलेले जुने वायरिंग अजून आहे. चालू तारेशेजारून गेलेली एखादी तुटकी, कुठेच न जोडलेली तार असते. तिच्यावर मीटर लावा. चाळीस, साठ, कधी ऐंशी व्होल्ट दाखवेल. माणूस घाबरतो, भिंत फोडायला निघतो. ती वीज खरी नसते. शेजारच्या तारेची ती नुसती सावली असते, आणि एक कोटी ओहमचा मीटर तिला पुसू शकत नाही. टेस्ट लॅम्प मात्र लागत नाही, जुन्या अव्होचाही काटा जवळजवळ जागचा हलत नाही, कारण दोघेही थोडी वीज खातात आणि सावली तेवढ्याने नाहीशी होते. म्हणून काही नव्या मीटरांत मुद्दाम कमी रोधाचे एक माप ठेवतात, 'लो झेड' असे लिहिलेले. जुन्या वाड्यात राहणाऱ्याने तेवढ्यासाठी शंभर-दोनशे रुपये जास्त मोजावेत. मात्र हे उलट दिशेने समजून घेऊ नका. मीटरने साठ व्होल्ट दाखवले की ती सावलीच, असा नियम नाही. कमी रोधाच्या मापावर आकडा शून्यावर आला, तरच ती सावली.

'ट्रू आर एम एस' या अक्षरांचा अर्थही असाच घरगुती आहे. स्वस्त मीटर विजेची लाट गुळगुळीत आहे असे धरूनच हिशेब करतो. भारनियमनाच्या वर्षांत घरोघर जे स्वस्त इन्व्हर्टर आले, त्यांची लाट पायऱ्यापायऱ्यांची असते. अशा इन्व्हर्टरचा दाब खरोखर २३० असला, तरी साधा मीटर १८० च्या आसपास दाखवेल, आणि तुम्ही चांगला इन्व्हर्टर दुरुस्तीला न्याल. इन्व्हर्टर नसेल तर या अक्षरांसाठी जादा पैसे देण्यात फारसा अर्थ नाही.

आकड्यांच्या संख्येविषयी दुकानदार सर्वांत जास्त बोलतो. २,०००, ४,०००, ६,००० काउंट. मी त्याविषयी सर्वांत कमी बोलेन. सॉकेटमध्ये २३१ व्होल्ट आहेत की २३१.४, याने कोणाच्या संसारात काय फरक पडणार? पेटीला २,००० पुरतात. सलग तार तपासताना वाजणारा बझर मात्र हवाच, कारण डोळे तेव्हा तारेवर असतात, मीटरवर नसतात.

आणि बॅटरी. जुन्या अव्होला साध्या सेलखेरीज १५ व्होल्टची एक वेगळी बॅटरी लागे; पुढे पुढे ती मिळेनाशी झाली आणि कित्येक चांगली यंत्रे मोठा रोध मोजण्यापुरती निकामी झाली. छोट्या मीटरांत हाच प्रकार बटणसेलच्या रूपाने पुन्हा आला आहे. रिमोटमध्ये जातात तसले दोन सेल घेणारा मीटर निवडा. ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतात. आणि मीटर आपोआप बंद होणारा असावा, कारण पेटीत टाकताना तो बंद करण्याची आठवण कोणालाच राहत नाही.

निवडलात? मग पैसे देण्याआधी तिथेच तीन गोष्टी करून पाहा. रोधाच्या मापावर दोन्ही टोके एकमेकांना टेकवा. अर्ध्या ओहमच्या आत आकडा यावा आणि वायर हलवली तरी तो उड्या मारू नये. दुकानदाराकडचा कोरा पेन्सिल सेल घ्या. दीड व्होल्टच्या थोडेसे वर दिसले पाहिजे. मग त्याच्याच सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल, फेज आणि अर्थ, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन जोड्या मोजा. पहिल्या दोन सारख्या याव्यात, तिसरी दोन-चार व्होल्टांच्या घरात. तिसरी फार आली, तर मीटर बदलून मागण्याआधी दुकानदाराला त्याचे अर्थिंग पाहायला सांगा. घरी आल्यावर बोर्डातली वीज बंद आहे याची खात्री करायची असेल, तेव्हा मीटर आधी चालू सॉकेटवर लावून पाहावा, मग बंद केलेल्या जागी, आणि मग पुन्हा चालू सॉकेटवर. मधल्या शून्याला पुढचे-मागचे दोन साक्षीदार हवेत. मीटर स्वतःच मेलेला असला तरी तो शून्यच दाखवतो.

लीड गुंडाळताना मीटरभोवती करकचून गुंडाळू नका. हाताच्या मुठीपाशी त्या आधी तुटतात, बहुधा लालच. बाहेरून रबर शाबूत दिसते आणि आत तार तुटलेली असते. पेटीत त्या वरच ठेवाव्यात, हातोडीखाली नव्हे.